दो रायवाले चाचा

आमच्या जळगावच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या चाचांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "इसमें दो राय है, भाऊ." ईदचा चंद्र दिसला का, वांग्याच्या भरताला तेल किती घालावं, नातवाला इंग्रजी शाळेत टाकावं का, सगळ्यात दोन मतं. दोन्ही मतं तपशिलानं सांगून ते डोळ्याला भिंग लावत आणि घड्याळात डोकं घालत. सल्ला घ्यायला आलेला माणूस आणखी गोंधळून घरी जाई. आतून चाची मात्र सुनावत, "इस घर में एकही राय है, मेरी." आणि ते खरंच होतं.

एके दिवशी चाची मुलाच्या मोटरसायकलवरून पडल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू मृत झालाय, श्वास यंत्रावर चाललाय. 'मृत' एवढंच ऐकून एका कर्तबगार भाच्यानं गावभर फोन फिरवले. मय्यतीला उशीर नको, या बाबतीत तो कायम पुढे. दुपारपर्यंत कबर खोदून तयार, असोद्याचे पाहुणे दारात हजर. हृदयाला मात्र कुणी विचारलं नव्हतं, ते चालूच होतं. चाचा भाच्याला एवढंच म्हणाले, "कबर को बोल, रुके."

मग दवाखान्याच्या जिन्यात नातेवाइकांचे दोन पक्ष पडले. एक म्हणे, चाची गेल्या. दुसरा म्हणे, नाडी आहे तोवर यंत्र काढणं म्हणजे खून. मुलगा सलीम दुसऱ्या पक्षात होता, कारण गाडी तोच चालवत होता. आयुष्यभर भरताच्या तेलावर खर्ची पडलेल्या चाचांच्या विद्वत्तेला अखेर लायक प्रश्न मिळाला.

चाचा मुफ्तींना विचारून आले आणि सलीमशेजारी पायरीवर बसले. दोन मतं इथेही होतीच. काही उलेमा म्हणतात, मेंदू गेला की माणूस गेला. काही म्हणतात, हृदय थांबेल तेव्हाच. "पर उम्मीदच नहीं रही, तो मशीन निकालने को दोनों ना नहीं बोलते," चाचा म्हणाले. "तू अम्मी को मार नहीं रहा, बेटा. जाने दे रहा है." सलीम त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मलाही तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी यंत्र काढलं. थोड्या वेळानं हृदयही थांबलं.

पुढे एकदा मी नको तो शहाणपणा करून विचारलं, "चाचा, चाची नक्की कधी गेल्या? डॉक्टर म्हणाले तेव्हा, की दिल थांबलं तेव्हा?"

"इसमें दो राय है, भाऊ." त्यांनी भिंग लावलं, पण समोर घड्याळ नव्हतं. "मेरी पूछो तो, रोज सुबह जाती है. मैं चाय के दो कप निकालता हूँ, तब."