निळ्या बावट्याचे जिवाणू

माझ्या फजितीचं काय सांगू तुम्हाला, ती मी स्वतःच लोकांना बोलावून, प्रोजेक्टर लावून करून घेतली.

एमएस्सीचा प्रबंध होता. खाडीच्या पाण्यातले जिवाणू एकाच जागी महिन्यागणिक कसे बदलतात, ते पाहायचं. एकाच जागी, हे महत्त्वाचं. कारण जरा इकडेतिकडे झालं तरी त्यांची वस्ती बदलते. नाल्याच्या तोंडाशी वेगळे, मधल्या धारेत वेगळे.

जागा मी पहिल्याच दिवशी ठरवली. पाण्यात एक बोया तरंगत होता, त्यावर निळा बावटा. मी कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. पाण्यात झेंडा म्हणजे सरकारनेच लावला असणार, नाही का? होडीवाले जनाकाका खाडीकाठचे जुने मच्छीमार. त्यांना सांगितलं, दर महिन्याला या बावट्यापाशी न्यायचं. ते म्हणाले, नेतो. मोबाइल पाण्यात पडेल म्हणून मी किनाऱ्यावरच ठेवायचे. आणि होडीत मान वर केली की मळमळायचं, म्हणून सगळा वेळ बाटल्यांकडे बघत बसायचे.

सहा महिने बाटल्या भरल्या. निकाल काय विचारता! एका महिन्यात स्वच्छ समुद्रातले जिवाणू, पुढच्या महिन्यात थेट गटारातले, मग पुन्हा समुद्रातले. मी थंडी, भरती, खारटपणा सगळ्यांना कामाला लावून एक सिद्धान्त उभा केला. माझ्या गाइड मॅडम खूश. मला तर पीएचडीची स्वप्नं पडायला लागली.

सबमिशन आठ दिवसांवर. त्याआधीच्या सादरीकरणाला जनाकाकांना मुद्दाम बोलावलं, पहिल्या रांगेत मॅडमशेजारी बसवलं. पहिल्या दिवशी काठावरून काढलेला बावट्याचा फोटो पडद्यावर आला तसे काका खुलले.

"ह्यो माझ्या जाल्याचा बावटा हाय."

मॅडमनी विचारलं, "काका, तो कायम तिथेच असतो?"

"कायम कशाला? मासली गावंल तिकरं नेतो. कदी धारेत, कदी नाल्याच्या तोंडाला."

मी जवळजवळ ओरडलेच, "काका, मला सांगितलं का नाही?"

"पोरी, तू बावट्यापाशी ने बोललीस. येक दिस तरी चुकलो का?"

नव्हते चुकले. चष्मा पुसत मॅडम म्हणाल्या, निदान जागेप्रमाणे फरक पडला असं तरी लिहू, कुठल्या महिन्यात कुठे होतीस ते सांग. मी काकांकडे वळले. काका हळू आवाजात म्हणाले, "मासली कुटं गावते ते कोन सांगतं का?"

सबमिशन पुढच्या वर्षावर गेलं, सगळं नव्याने केलं. पहिल्या सहा महिन्यांतून खात्रीने निघालेला निष्कर्ष एकच: पाणी खाडीतलं होतं.