जिथून एसटी जाते तो रस्ता

तोंडाला कुलूप नाही, हाच माझा मूळ आजार. कुवेतमध्ये मी एका मालकाच्या घरची गाडी चालवतो. इथे आम्ही त्याला अरबाब म्हणतो. दर थंडीत हे कुटुंब खैरानला समुद्रावर जायचं आणि सोबत मीही. यंदा पोरांनी हट्ट धरला, जॉर्जियाला बर्फात स्कीइंग करायचं. मला तर उकळ्याच फुटल्या. ते विमानात बसले की मी सुट्टीवर, आणि लेकीचा साखरपुडा नेमका त्याच आठवड्यात. माझ्यासाठी तिने तो दोनदा पुढे ढकलला होता.

आणि मग मीच घाण केली. अरबाब म्हणाला, तिकडे भाड्याची गाडी घ्यावी लागेल, डोंगराचा रस्ता वाईट आहे म्हणतात. मी छाती फुगवून बोललो, "डोंगराचं काय सांगता? दहा वर्षं कुंभार्ली घाटात ट्रक चालवलाय मी!" झालं!

"मग तूच चल," तो म्हणाला. "रस्ताही तूच ठरव. गाडीत माझी चार पोरं असतील."

महबूला भागातल्या आमच्या खोलीवर आम्ही सहा कोकणी. मोबाइलवर नकाशा उघडून सगळे वाकले. रस्ते दोन: जवळचा खिंडीतून, लांबचा नदीकाठाने. फ्रीजरबाहेरचा बर्फ एकानेही पाहिला नव्हता, पण अक्कल पाजळायला सगळे पुढे. एक म्हणाला, वळणावर हॉर्न दे. दुसरा म्हणाला, घाटमाथ्यावर नारळ फोड. आमच्यातल्या सुताराने मासळीबाजारातून बर्फाच्या तीन गोण्या आणून बिल्डिंगमागे ओतल्या आणि म्हणाला, ब्रेक मारून बघ. मी गाडी वळवून आणेपर्यंत निम्म्याचं पाणी झालं होतं आणि उरलेल्याला मांजरं चाटत होती. बिल्डिंगचा राखणदार आला आणि आम्हाला यथेच्छ शिव्या घालून गेला.

"दोन्ही रस्ते धोक्याचे सांग, बेतच मोडेल," सुतार म्हणाला. अरे शहाण्या, बेत मोडला की पुन्हा खैरान, आणि खैरानला ड्रायव्हर कोण? मीच!

शेवटी मी आपली गावाकडची परीक्षा लावली. जिथून एसटी जाते तो रस्ता दगा देत नाही. मोडक्या इंग्रजीत हॉटेलला फोन करून विचारलं, तुमच्याकडे बस कुठून येते? ते म्हणाले, नदीकाठाने, रोज सकाळी, चाकांना साखळ्या बांधून, थेट हॉटेलच्या दारात.

मिरकाब भागातल्या त्याच्या ऑफिसात जाऊन मी अरबाबला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याने लगेच विचारलं,

"बस दारापर्यंत जाते?"

"हो."

"मग गाडी कशाला? आणि तू तरी कशाला?"

नाचावंसं वाटलं. पण खरं सांगतो, लागलंही. माझ्या दहा वर्षांच्या घाटाला त्याने एका मिनिटात घरी बसवलं.

लेकीला फोन केला. "येतोय गं मी."

ती म्हणाली, "बाबा, मी सासरच्यांना सांगून बसले, तुम्ही बर्फात गाडी चालवायला चाललात म्हणून."

"मग आता काय सांगशील?"

"सांगेन, रस्ता खराब होता," असं म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "नक्की येताय ना? चिपळूणला उतरलात की त्या वडापच्या खचाखच जीपमध्ये बसू नका हां. थांबावं लागलं तरी चालेल, एसटीनेच या."