पाठीला डोळे

फळ्यावर लिहिता लिहिता गर्रकन मागे वळायची गणिताच्या बाईंना सवयच होती. मुलं म्हणत, यांच्या पाठीलाही डोळे आहेत.

शेवटच्या बाकावरची वात्रट मुलगी एकदा म्हणाली, "बाई, मला तुमच्यासारखं शिक्षक व्हायचंय." बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आजवर असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मार्कच हवे होते!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातून स्वतःचाच दरडावणीचा सूर ऐकून बाई चपापल्या. 'माझी नक्कल करतेय कार्टी!' त्या दबकत खिडकीशी गेल्या. मुलगी फळ्यावर अपूर्णांक समजावत होती. हसत कुणीच नव्हतं; पोरं मुकाट्याने उतरवून घेत होती.

एवढ्यात ती गर्रकन वळली. "कोण आहे रे खिडकीत?"

बाई चटकन खाली बसल्या आणि श्वास रोखून राहिल्या.