म्हशीचं विचारणारा मुकादम

दुष्काळात दूध संघाने आष्टीजवळ चारा छावणी काढली. सातवीत शाळा सुटलेल्या, परमुलखातून आलेल्या मला संघाने एका बाजूचा मुकादम केलं, हे उपकारच. पण माणसं टिकली नाहीत तर ही जागा जाणार, अशी रोजची धास्ती.

पलीकडच्या बाजूचा मुकादम वेगळा. जवळ कडबा म्हणून बिडी कधी पेटवायचा नाही, दिवसभर कानावरच ठेवायचा. कामाला आलेल्याला एकच विचारायचा, "घरी जनावर कोन्तं हाय?" मग ते जनावर आपल्याच दावणीला, सावलीत बांधून घ्यायचा. त्याचा एकही गडी ऊसतोडीला गेला नाही. माझे चार गेले.

पाचवा, माझा सगळ्यात चांगला गडी, त्याच्याकडे गेला.

"कावून गेला रे?" मी त्या गड्याला विचारलं.

"तुमी माजं नाव लिवून घेतलं. त्यांनी म्हशीचं इचारलं."

मी तणतणत त्या मुकादमाकडे गेलो. कडब्याची पेंढी सोडत तो म्हणाला, "बस बे. तुज्या घरी काय हाय?"

"आई. अन् एक गाय."

"गाईला कोन बघतं मग?"

इथं आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. तोवर मला त्याचा हेवा वाटायचा. त्या दिवसापासून त्याच्या गड्यांचा वाटतो.