दाराच्या आतलं बोलणं

तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. दुकान काही तिचं नव्हतं, ती तिथं कामाला होती, पण मालकाला कोण विचारतं! काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, कानामागे टोचत असेल तर दांडी जरा गरम करून वाकवून द्यायची, सगळं हीच. पर्समध्ये कायम एक बारीक स्क्रूड्रायव्हर. कुणाचा चष्मा नाकावरून घसरताना दिसला की हिचा हात आधी पर्समध्ये. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही माणसाचं तोंड नंतर बघता, चष्मा आधी."

वहिनी म्हणजे दादाची बायको. आणि दादा म्हणजे हिचा बापच समज. बाप हिच्या लहानपणीच गेला, तेव्हा दादानं शाळा सोडली, एका प्लंबरच्या हाताखाली पाइप धरायला गेला आणि बहिणीला वाढवलं. हिनं लग्न केलं नाही. दोन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहिली, पण संध्याकाळचं ताट दादाकडे.

ही माणसं बहाई धर्माची. त्यांच्यात पुरोहित नसतो बघ. वर्षातून एकदा सगळी मोठी माणसं जमतात आणि ज्याच्या त्याच्या मनानं चिठ्ठीवर नऊ नावं लिहितात. कुणी उभं राहत नाही, कुणी मतं मागत नाही. ज्यांची नावं जास्त निघतील ते नऊ जण वर्षभर सगळा कारभार बघतात. त्याला सभा म्हणायचं.

आता खरं सांगायचं तर नऊ नावं वर्षानुवर्षं तीच निघायची. त्या वर्षी त्यातल्या एक बाई लेकीकडे राहायला गेल्या, आणि त्यांच्या जागी नाव निघालं चष्मेवालीचं. ती थेट दादाकडे आली.

"दादा, मला काय कळतं त्यातलं?"

दादाही पूर्वी नवांत होता. तो खोकत खोकत हसला. "कळायला काय लागतं? मनात आहे ते बोलायचं. एकदा ठरलं की ते आपलंच म्हणायचं, मग आपल्या विरुद्ध का ठरेना. आणि दाराआतलं दाराबाहेर न्यायचं नाही. कोण काय बोललं, कुणी हात वर केला, ते सख्ख्या बायकोलाही नाही."

"सख्ख्या बायकोलाच नाही," वहिनी म्हणाली. "बाकी कुणाला सांगितलं असेल तर ठाऊक नाही बाई."

दादाच्या छातीचं दुखणं जुनं. दहा पावलं चालला की भिंत धरायचा. "जन्मभर लोकांच्या पाइपा साफ केल्या आणि माझीच तुंबली," म्हणायचा. आणि प्रार्थनेची बैठक कुठं? तिसऱ्या मजल्यावर. जुन्या लोकांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली ती खोली. तिथला नळही दादानंच बसवलेला. जिना अरुंद, लिफ्टचं नाव नाही. वर्ष होऊन गेलं, दादा वर गेला नव्हता. एरवी त्याच्या प्रार्थना तोंडपाठ, आणि आवाज असा की रडकं पोरही गप्प बसायचं.

"घरी म्हणतोसच की," चष्मेवाली एकदा म्हणाली.

"घरचं वेगळं गं. चार माणसांत बसलं की आपलाच आवाज आपल्याला परत मिळतो." एवढंच बोलला. मागितलं त्यानं कधीच काही नाही. मागितलं वहिनीनं. "वन्सं, आता तुम्ही आत आहात. सांगा की त्यांना, बैठक खाली कुणाच्या घरी घ्या. यांना एकदा बसू द्या सगळ्यांत. किती दिवस उरलेत कोण जाणे."

सभेचे अध्यक्ष होते मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून वर्गातलाच. चष्मेवालीनं चाचरत मांडलं. खुर्च्या चाळीस मांडतो, माणसं येतात दहा-अकरा. म्हातारे गळाले, लेकुरवाळ्या गळाल्या. तळमजल्यावर घरं आहेत आपल्यातल्यांची, पाळीपाळीनं बसू.

मास्तर म्हणाले, "ही भिंत मी स्वतःच्या हातानं रंगवली आहे. जागा सुटली की माणसं सुटतात, ताई. मी बघितलंय."

"माणसं सुटलीच आहेत, मास्तर. जागा तेवढी राहिली."

फोटो काढणारे एक काका म्हणाले, "आधी तर कधी असं झालं नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भावाला खुर्चीवर बसवून वर आणू, दोघं जण लागतील." तिनं दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि म्हणाली, "तो कपाट नाहीये हो." मग हात वर झाले. तिच्या बाजूनं तिघं. झालं. बैठक वरच.

ती जिना उतरली ती पायऱ्या मोजत नाही, शब्द मोजत. दादाकडे ताट वाढलेलं होतं.

"काय ठरलं?" वहिनीनं विचारलं.

"आम्ही ठरवलं, बैठक वरच राहील."

"आम्ही?" वहिनीचा डाव हातातच राहिला. "म्हणजे तुम्हीसुद्धा?"

बोलू शकत होती ती. एक वाक्य पुरलं असतं. तिनं दादाकडे बघितलं. त्यानं घास तोंडात घातला आणि चावतच राहिला. नियम त्यानंच तर शिकवला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

"बोला ना, मेंबरबाई!" वहिनी म्हणाली. "नवांत बसायला मिळालं आणि ज्यानं वाढवलं तो जड झाला?"

"तिला विचारू नकोस," दादा म्हणाला. बस, तेवढंच.

त्या दिवसापासून वहिनीची ती मेंबरबाई झाली. वन्सं गेलं. वहिनीच्या चष्म्याची दांडी ढिली झाली तर बाई टेकडीपलीकडच्या दुकानात जाऊन आली. चष्मेवालीनं सभेत तो विषय परत काढला, मग आणखी एकदा काढला. मास्तर म्हणाले, "ताई, घरचा प्रश्न सभेत किती वेळा?" ती रडली नाही. घरी जाऊन काच घासावी तशी एकच भांडं घासत बसली.

मग एका सकाळी वर बैठक चालू होती. जिन्यातून खोकला ऐकू आला. खोकला ओळखीचा. ती धावत खाली आली, तर पहिल्या वळणावर दादा पायरीवर बसलेला, ओठ निळे, हातात कठडा. वहिनी बाजारात गेली तशी हा निघाला होता.

"दादा! अरे, कुणाला सांगायचं तरी!"

"इथून ऐकू येतं गं थोडं," तो म्हणाला.

ती त्याच्याशेजारी बसली. वर कुणीतरी प्रार्थना म्हणत होतं. संपली तशी दादानं आपली सुरू केली, तिथंच, पायरीवर. तीन ओळी झाल्या नि श्वास संपला. पुढच्या ओळी तिनं म्हटल्या, तो नुसते ओठ हलवत होता. मग तिला राहवेना. तोंड उघडलं, "दादा, मी तिथं..."

"मी विचारलंय का?" तो म्हणाला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

आता यात त्याला सगळं कळलं होतं म्हणून म्हणाला, की ऐकायची भीती वाटली म्हणून म्हणाला, ते तो बरोबर घेऊन गेला. पुढच्या बैठकीआधी दादा गेला.

दफनाला सगळे आले. गेल्या कितीतरी दिवसांत दिसली नव्हती ती म्हातारी माणसं आली, लेकुरवाळ्या आल्या. जमीन सपाट होती ना! सगळे उभे राहिले, मास्तरांनी प्रार्थना वाचली. वाचता वाचता त्यांनी मान वर करून माणसं बघितली आणि पुढची ओळ त्यांना सापडेना.

त्यानंतरच्या सभेत मास्तरांनीच मांडलं, बैठक खाली घेऊ. सगळे हात वर गेले. चष्मेवालीचाही गेला. तो हात वर नेताना किती जड झाला असेल, तूच विचार कर.

पहिली बैठक झाली वहिनीच्याच घरी. घर भरलं. पोरं दारात चपलांवर बसली. वहिनी मास्तरांपुढे आली, हात जोडले. "बैल गेला नि झोपा केला, पण तुम्ही केलात तरी, मास्तर. आमच्या घरच्या माणसाला नाही सुचलं, ते परक्यांना सुचलं. तुमचे उपकार."

मास्तरांचा चेहरा पडला. "अहो वहिनी, तसं नाही..." म्हणाले आणि चष्मेवालीकडे बघितलं. तिनं हळूच मान हलवली. नाही. मास्तरही त्याच दाराच्या आतले. ते खाली बसले.

वहिनी पुस्तक उघडून दादाची आवडती प्रार्थना वाचायला लागली. पलीकडच्या दुकानानं स्क्रू नीट पिळला नव्हता, चष्मा सारखा घसरत होता. चष्मेवालीचा हात सवयीनं पर्समध्ये गेला, स्क्रूड्रायव्हर हाताला लागला. ती थोडी पुढे सरकली. "वहिनी, द्या इकडे, एका मिनिटाचं काम आहे."

वहिनीनं बोटानं चष्मा नाकावर दाबून धरला, पान जवळ घेतलं आणि वाचत राहिली.