आर्लिसबाईंचा दगड

आर्लिसबाई लोकांना डोंगरावरची झाडं दाखवायला नेतात तेव्हा दर वळणावर थांबून बोलू लागतात. नवखे पाहुणे म्हणतात, काय हा झाडांचा जिव्हाळा! जिव्हाळा आहेच, पण थांबतात त्या उजव्या गुडघ्यासाठी. मोंटानातल्या आमच्या एवढ्याशा गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडावर मात्र कुणी बोलत नाही, कारण गावातला प्रत्येकजण शाळेत त्यांच्या हातची मॅकरोनी खाऊन मोठा झालाय.

बोलतो फक्त मर्विन. हा त्यांचा शेजारी, पेट्रोल पंपवाला. लोकांना पायथ्याशी गाडीने सोडतो आणि मग शेपटासारखा मागून चालतो.

माथ्यावर पांढऱ्या सालीचा एक म्हातारा पाइन आहे. आजूबाजूचे त्याचे सगळे भाऊबंद तांबेरा रोगाने आणि भुंगेऱ्यांनी वाळून करडे झाले, हा एकटा हिरवा राहिला. त्याला हात लावला की फेरी संपते. "ज्या दिवशी मी तिथवर पोचणार नाही, त्या दिवशी फेऱ्या बंद," असं बाईंनी जाहीर करून ठेवलं होतं. त्यांच्या जागी यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गावाचं लक्ष त्या गुडघ्याकडे.

जूनमध्ये वनखात्याची पोरं त्या झाडावर चढून बियांच्या शंकूंना जाळीच्या पिशव्या बांधतात. नाहीतर बी सगळं तिथला एक राखाडी पक्षी नेतो, मग रोपवाटिकेला काय मिळणार? पण बाई एक फांदी मोकळी ठेवायला लावतात.

"बाई, पिशव्या पुष्कळ आहेत. सगळे झाकू," एकदा वनखात्याचा साहेब म्हणाला.

"आणि पक्ष्याने काय घरून डबा आणायचा?"

फांदी मोकळी राहिली. हा पक्षी कावळ्याच्या गोतातला. बी जमिनीत पुरून ठेवतो, थोडं खातो, थोडं विसरतो. शंकू आपणहून उघडत नाही, त्यामुळे झाडाचा वंश त्या विसरण्यावरच चालतो.

गेल्या ऑगस्टमध्ये माथ्याच्या जरा खाली, नेहमीच्या सपाट दगडावर बाई बसल्या. तांबेऱ्याचं सांगितलं, पक्ष्याचं सांगितलं आणि पुन्हा तांबेऱ्यावर आल्या.

"आर्लिस, तांबेरा दुसऱ्यांदा झाला," मर्विन म्हणाला. "उठतेस, की तिसऱ्यांदा ऐकवतेस?"

"तोंड मिट, मर्विन."

त्या उठायला गेल्या आणि परत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू ने यांना वर. माझं संपलं."

एरवी शेपटासारखा मागे राहणारा मर्विन पुढे झाला, आणि त्यावरूनच सगळ्यांना काय ते कळलं. वर नेऊन त्याने लोकांना एवढंच सांगितलं, "हे झाड. हात लावा."

खाली येऊन बघतो तर बाई दगडाशेजारी पालथ्या पडलेल्या. मर्विन धावला. त्याला धावताना गावाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"थांब! पाय ठेवशील त्यांच्यावर!" बाई ओरडल्या.

दगडाच्या फटीत बोटभर उंचीची पाइनची रोपं उभी होती, एकमेकांना चिकटून, गर्दी करून.

"कुणी लावली?" एका पाहुणीने विचारलं.

"इतकी गचडी करून माणूस लावत नाही. पक्ष्याने बी पुरलं आणि विसरला," बाई म्हणाल्या. "वरच्याचीच असणार, जवळपास दुसरा आहे कोण जिवंत? आणि मी इतकी वर्षं यांच्याकडे पाठ करून बसत होते!"

"पाठ केलीस म्हणून वाढली बिचारी," मर्विन म्हणाला. "नाहीतर बोलून बोलून वाळवली असतीस."

आता फेरी दगडापाशी, त्या रोपांजवळ संपते. ज्यांचे पाय धड आहेत ते मर्विनबरोबर माथ्यावर जाऊन येतात. त्याचं भाषण अजून तेवढंच आहे.

यंदा जूनमध्ये बाईंनी दगडावरूनच निरोप धाडला, दोन फांद्या मोकळ्या ठेवा. साहेब खाली येऊन म्हणाला, "एक पक्ष्याची, कबूल. दुसरी कुणासाठी?"

"माझ्या गुडघ्यासाठी," बाई म्हणाल्या. "पुढेमागे आणखी खाली बसावं लागेल. तिथेही पक्ष्याने थोडं विसरायला हवं."