सादूकाका आणि न सुटलेली बस

सादूकाका गेल्याचा फोन काकींनी स्वतःच केला. आवाज अगदी सपाट. "गेले गो हे. आईक सांग," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आईला कसं सांगावं या विचारात मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तर तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. ऐंशी ओलांडलेली बाई, गुडघे पार कामातून गेलेले, एरवी जिना उतरायचं नाव काढलं तरी नको म्हणते. त्या दिवशी मात्र "लुगडं काढ माझं, जावचा आसा," म्हणाली. लोअर परळहून टॅक्सीने आम्ही लालबागला आमच्या जुन्या चाळीत गेलो. आणि तिथे त्यांच्या पायाशी बसून जी रडली... बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला, खरं सांगायचं तर, अवघडल्यासारखं झालं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले.

सादूकाका म्हणजे बाबांचे गाववाले, आमच्याच मजल्यावर चार खोल्या सोडून राहणारे. दोघे एकाच गिरणीत. बाबा साचाखात्यात मागांवर, काका इलेक्ट्रिक खात्यात वायरमन. बाबा घुमे, तर काकांच्या तोंडाचा पट्टा सकाळी नळ येण्याआधी सुरू व्हायचा. मजल्यावर कुणाचा पंखा अडला, मिक्सर जळाला, की काका खिशाला टेस्टर लावून हजर. हात इतका चलाख की बाई चहाचं आधण ठेवीपर्यंत पंखा फिरायला लागायचा. वर चिडवायचे, "पंखो बरो आसा गे, तुजो घोवच गरम हा." मला ते "मास्तरीण" म्हणायचे, कारण मी गॅलरीत बसून मोठ्याने पाठ करायचे. माझी बाजू घेऊन बाबांशी भांडायचेही. दोघांची दोस्ती अशी, की ऊन असो, पाऊस असो, पाळी सुटली की एकत्रच घरी यायचे.

मग गिरण्यांचा संप आला. सुरुवातीच्या सभा, घोषणा, तो जोर मला आठवतो. पण जास्त आठवतो तो नंतरचा शीण. पुरुषमाणसं दिवसाढवळ्या घरात बसलेली, एकमेकांच्या पायात येणारी. मजल्यावरच्या खोल्यांना एकेक करून कुलपं लागत होती. लोक गावाला चालले होते, आणि त्यांना नेत होती ती काकांच्या मेव्हण्याची बस. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणच्या शाळेने काढून टाकलेली, जुनीपुराणी गाडी. मेव्हणा चालवायचा, दुरुस्तीचं काका बघायचे. ती लालबागहून ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं घेऊन गच्च भरून जायची आणि येताना रिकामी यायची. काका त्या रिकाम्या बसमधून परत आले की दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. त्यांच्यासारखा माणूस गप्प बसलेला बघवायचा नाही.

या बसला हीटर होता. मुंबईत हीटर! लोक हसायचे. पण काकांनी मला एकदा त्याची गंमत समजावली होती. इंजिनाचं उकळतं पाणी हीटरमधून फिरतं आणि ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, त्याच्यावरची गरम हवा गाडीत फेकतो. जुनं इंजिन घाटात तापून फुटायच्या बेताला आलं की मेव्हणा भर मे महिन्यात हीटर लावायचा. इंजिनाचा ताप माणसांच्या अंगावर. लोक घामाने निथळायचे, शिव्या घालायचे, पण गाडी घाट चढायची. त्या ब्लोअरशिवाय भरलेली गाडी घाटात न्यायची कुणाची छाती नव्हती.

संपाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमची पाळी आली. मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते, निकाल यायचा होता. बाबांनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं की गावी जायचं, कायमचं. भाऊबंदांत जमिनीचा तुकडा आहे, तो कसायचा. माझ्या कॉलेजचं काय, हे मी विचारलं तर म्हणाले, गावात मुली काय मरतात का? गावापासून कॉलेज कुठल्या कुठे. मी रडून गोंधळ घातला. आईने ब्र काढला नाही. तिने गोधड्या बांधल्या, भांडी पोत्यात भरली. मला तिचा इतका राग आला होता, की त्या दिवसांत मी तिच्या हातचं नीट जेवलेसुद्धा नाही.

बस लालबागजवळच, कॉटन ग्रीनच्या गोदामांपाशी उभी असायची. सकाळीच सामान टपावर चढलं, आमच्यासारखी आणखी सात-आठ कुटुंबं आली. निघायच्या आधी मेव्हण्याने ब्लोअर लावून बघितला तर तो किंचाळला आणि बंदच पडला. मोटार जाम. काका म्हणाले, काही नाही, दुसरी बसवतो, आणि रे रोडच्या भंगारवाल्याकडून तसलीच मोटार घेऊन लगेच आले. डॅशबोर्डाखाली पाठीवर आडवे झाले, झाकण उघडलं, जुनी मोटार बाहेर काढली. तिच्या दांड्यावरचा पंखा नव्या मोटारीला चढवला, ती आत बसवली. सगळं नेहमीच्या चपळाईने. आई किटलीतून चहा घेऊन त्यांना द्यायला गेली. परत आली ती बाबांना म्हणाली, "पोरीला गाडी लागते, उलटीच्या गोळ्या आणते," आणि परळच्या दिशेने निघून गेली.

आणि तिथून पुढे सगळं बिनसत गेलं. ब्लोअर लावला तर हवा येईना, नुसती फुंकर मारल्यासारखी. काका म्हणाले, वायरी उलट्या लागल्या, मोटार उलटी फिरतेय. पुन्हा झाकण काढलं. मग एक स्क्रू हरवला. मग पंखा आत घासतोय म्हणून मोटार परत बाहेर. ऊन चढलं, पोरं किरकिरायला लागली, बायका पदराने वारा घेत बसल्या. लोक काकांना वाटेल ते बोलले. बाबा तर अंगावरच गेले, "गिरणीभर मोटारी फिरवल्यास, आणि आज तुला दोन वायरी कळेनात?" काका नुसते हसले. "आज ह्या काय जमाचा नाय," म्हणाले. आई दुपार कलल्यावर घामाघूम होऊन आली. गोळ्या आणल्या नव्हत्याच. गाडी उद्यावर गेली. आम्ही वळकट्या घेऊन खोलीवर परतलो, आईने पोत्यातून स्टोव्ह काढला, भात टाकला आणि बाबांकडे पाठ करूनच म्हणाली, "मी येत नाही गावाला. हॉस्पिटलात आयाचं काम मिळालंय." दुसऱ्या सकाळी बस आमच्याशिवाय गेली. ब्लोअर म्हणे झकास चालला.

राहिलो म्हणून सुखात राहिलो, असं नाही. आईने दुसऱ्यांचं मलमूत्र काढत कंबर मोडून घेतली. मी शिकले, त्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये लागले, रिटायरही झाले. बाबा मात्र खचले ते खचलेच. गोदामावर राखणदारी केली, पण बायकोच्या पगारावर जगतो हे त्यांना आतून कुरतडत राहिलं. सगळा राग काढला तो काकांवर. "ह्या माणसाच्या एका मोटारीपायी मी इथे सडलो," हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल. त्यांनी काकांशी बोलणं टाकलं, ते स्वतः मरेपर्यंत. काका तरीही यायचे. गणपतीला, माझ्या लग्नाच्या वेळी, बाबा आजारी असताना. उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. गॅलरीतच उभ्याने चहा घ्यायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे. बाबा तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. मला काकांचीच चीड यायची, एवढा अपमान कशाला सहन करायचा?

आईचं ते रडणं माझ्या डोक्यातून जाईना; काकांचे दिवसवार झाल्यावर एका दुपारी मी तिला विचारलंच. ती खाटेवर पडून होती, डोळे मिटलेले. मी म्हटलं, आई, बस सुटली नाही त्या दिवशी काकांना तूच काही सांगितलं होतंस का? तिने मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. मग म्हणाली, "चाय देताना म्हटलंय, भावजींनू, आज गाडी सुटाक देव नकात. माका संध्याकाळपर्यंत येळ होयो." हॉस्पिटलातल्या मेट्रनने तिला त्याच दुपारी बोलावलं होतं. काम मिळालं तर राहायचं, नाही तर मुकाट्याने जायचं, असं तिने मनाशी धरलेलं.

मी संतापले. म्हटलं, मग बाबांना का नाही सांगितलंस? आयुष्यभर काका बोलणी खात राहिले, आणि तू गप्प?

"सांगितलंय गो," आई म्हणाली. "त्याच सांजेक. तुज्या बाबांका सगळा म्हायत होता."

बाबांना माहीत होतं... आणि तरीही ते तोंड फिरवून बसत होते. म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं, कोरी काय ती मी एकटी.

आईने कूस बदलली. एकच खोली होती आपली, म्हणाली, तिच्यात तो राग कुठे ठेवणार होतो आम्ही? तिने एकदा काकांची माफी मागितली होती, गॅलरीत, चहा देताना. तेव्हा काका काय म्हणाले, ते तिने मला सांगितलं आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"वयनीनू, माझ्यावरच ऱ्हवांदेत तो राग. मी काय, रातीक माझ्या घराक जातंय."